राजाला बोलायला काही नसतं

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं, ते एका राजाच्या झग्याला दुमड घालायचं. राजा म्हणजे आमचा नातू ईशान. हिगाशी-कसाईच्या या घरात बाल्कनीच्या काचेपाशी दुपारी चांगलं ऊन येतं, तिथं सुमन मांडीवर जांभळं कापड घेऊन बसली होती आणि मी तिला सुईत दोरा ओवून देत होतो. तिला जवळचं दिसत नव्हतं, मला दिसतं, पण माझे हात जाड. एसटीच्या वर्कशॉपात सगळा जन्म नटबोल्ट आवळण्यात गेला, या हातांनी टाका काय पडणार. म्हणून दोरा ओवायचा मी आणि टाका घालायची ती, अशी वाटणी होती. समोरून उंचावरून ट्रेन जाते, तिचा आवाज दार लावलं की येत नाही, नुसती जाताना दिसते. इथं सगळंच असं आहे. दिसतं, वाजत नाही.

ईशानच्या शाळेत नाटक बसवलं होतं. फार पूर्वी तिकडं रोमचं मोठं राज्य होतं, त्याच्या उतरत्या काळात एक चार वर्षांचा पोरगा सम्राट झाला, त्याची गोष्ट. त्याचं नाव माझ्या जिभेला वळत नाही. बापाचं आणि त्याचं नाव एकच होतं, एवढं मला कळलं. बाप तापट. सरहद्दीवरचे परके लोक बोलणी करायला आले, त्यांच्यावर ओरडता ओरडता त्याच्या डोक्यातली शीर तुटली आणि तो गेला. सैन्य तिथंच तळ ठोकून बसलेलं. सरदारांना भीती, की आता हे शिपाई आपल्यातलाच कुणीतरी उचलून राजा करतील. म्हणून पोराच्या मामाला घाईघाईनं पाठवलं, त्यानं दूरच्या घरातून आईला आणि पोराला आणलं, आणि बापाची राख थंड व्हायच्या आत त्याला जांभळा झगा घालून सैन्यापुढं उभं केलं. दुसरीकडं मोठा सावत्र भाऊ राज्य करत होता, त्याला विचारलंसुद्धा नाही. हे सगळं मला प्रशांतनं, म्हणजे आमच्या मुलानं, जेवताना समजावून सांगितलं. मी भाकरी मोडत ऐकत होतो आणि मला घास जाईना. सुमननं ते बघितलं. ती बघायचीच.

ईशान मात्र रागावलेला होता. "आजोबा, मी किंग आहे ना, पण मला डायलॉगच नाही! सगळं ती मदर बोलते आणि ते जनरल बोलतात. मी नुसता बसणार."

"मग बरं आहे की," सुमन म्हणाली, "पाठ करायला नको. तुझे आजोबा पण असेच राजा होते."

"आजोबा? उसो!" म्हणजे जपानीत खोटं. या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारा शब्द आहे तो.

"विचार त्यांना. जांभळा कोट होता त्यांचा, सोनेरी झालरीचा. पुढं काठी घेऊन चालायचे."

तो खिदळत आत पळाला आणि मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, तुमच्या आईनं तो कोट लहान केला होता ना? कापला होता का?"

"कापला नव्हता," मी म्हणालो. "बाह्या आत दुमडून धावदोरा घातला होता. घेर पण आत घेतला होता. पोर वाढेल तसं उसवायचं, म्हणून."

"मग मीही तसंच करते. पुढच्या वर्षीही होईल याला." तिनं टाका घातला. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही त्या कोटाचं सांगितलंत, पण तुम्ही बँडचे मास्तर होता तेव्हाचं कधी काही बोलत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. तुमच्या दारावरून वरात गेली तेव्हा काहीतरी झालं होतं म्हणे. तुमच्या चुलत्यांच्या बोलण्यात एकदा आलं होतं. काय झालं होतं?"

तेवढ्यात वॉर्डाच्या खांबावरचा भोंगा वाजला. संध्याकाळ झाली, पोरांनो घरी जा, असं सांगायला इथं रोज एक गोड चाल लावतात. मला भूक लागली होती. मी म्हणालो, "उद्या सांगतो. पिठलं टाक आता." तिनं सुई तशीच कापडात खोचून ठेवली आणि उठली.

सकाळी ती उठली नाही. एवढंच आहे त्यात. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. मग आता सांगायचं ते कागदाला सांगतो. तिच्यासाठीच लिहितोय, पण ती वाचायला नाही, म्हणून कुणीही वाचा.

माझा बाप बँडमास्तर होता. सातारा जिल्ह्यातलं बाजाराचं गाव, आठवड्याला मोठा बाजार भरायचा, आजूबाजूच्या पंचवीस-तीस खेड्यांना आमचाच बँड. घर म्हणजे पुढं एक लांब ओसरी आणि मागं स्वयंपाकाची खोली. ओसरीत भिंतीला खुंट्या मारलेल्या, खुंटीखुंटीला वाद्य. मोठा ढोल कोपऱ्यात उभा, त्याच्यावर आमची मांजर झोपायची. पितळ घासायला राख आणि चिंच लागायची, त्यामुळं आमच्या घरात सदा चिंचेचा आंबट वास. संध्याकाळी माणसं जमायची आणि तालीम सुरू झाली की पत्र्याच्या डब्यातली भांडीसुद्धा थरथरायची. क्लॅरोनेट शंकर वाजवायचा, कॉर्नेट यशवंत, ड्रम माझा नामदेवकाका. माझा बाप आधी स्वतः कॉर्नेट वाजवायचा, मग छाती गेली तशी त्यानं काठी हातात घेतली. आई आत भाकरी थापायची. थापण्याचा आवाज आणि ढोलाचा आवाज कधीकधी जुळायचा, तेव्हा बाप आत मान वळवून हसायचा. मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही, ते मान वळवणं आठवतं.

लग्नाच्या वरातीत आम्ही सगळ्यांच्या पुढं चालायचो आणि जेवायला सगळ्यांच्या मागं बसायचो. मांडवाच्या बाहेर, जिथं खरकटी पानं टाकतात त्याच्या अलीकडं, जमिनीवर. बुंदी आमच्यापर्यंत यायची तेव्हा तिचा चुरा झालेला असायचा. हे कुणाला आज सांगितलं की लोक मान खाली घालतात. मान खाली घालायचं कारण नाही, होतं ते असं होतं. तरी तो चुरा गोड लागायचा, हेही खरं आहे.

बाप पावसाळ्यानंतर गेला. छातीत पाणी झालं होतं. मी तेव्हा ईशान आता आहे तेवढाच. बाप जाऊन चार दिवस झाले नाहीत, तोवर ओसरीत भांडण सुरू झालं. शंकर म्हणे मास्तर मी, मास्तर नसताना सगळी गाणी मीच बसवली. यशवंत म्हणे कॉर्नेटवालाच मास्तर होतो, ही रीत आहे. शंकर म्हणाला, मग मी माझी माणसं घेऊन वेगळा होतो. यशवंत म्हणाला, हो, ढोल माझ्या मावसभावाचा आहे, तोही घेऊन जा म्हणजे बघतो. लग्नसराई तोंडावर आलेली. दोन तुकडे झाले असते तर दोन्ही उपाशी मेले असते. नामदेवकाकाला स्वतःला मास्तर होता येत नव्हतं, तो प्यायचा, आणि हे त्यालाही माहीत होतं. पण त्याला डोकं होतं.

आमच्यात तेराव्याला मामा मुलाला टोपी घालतो. बाप गेला, आता घर तुझ्यावर, असा त्याचा अर्थ. माझा मामा पांढरी टोपी घेऊन आला होता. काकानं ती बाजूला ठेवली आणि खुंटीवरची मास्तरची टोपी काढून मामाच्या हातात दिली, पुढं चकाकता बिल्ला असलेली. "ही घाला," म्हणाला. मामानं घातली. ती माझ्या नाकावर आली. मग काका सगळ्यांकडं बघून म्हणाला, "मास्तरचा पोरगा मास्तर. शंकर पण नाही, यशवंत पण नाही. कुणाला काय बोलायचंय?" दोघांनाही तेच बरं वाटलं, दुसरा झाला नाही ना, मग झालं. मला आतून अंधार दिसत होता आणि टोपीला बापाच्या तेलाचा वास येत होता. माझं काही विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. प्रशांत त्या रोमच्या पोराची गोष्ट सांगत होता तेव्हा मला हाच वास आला. म्हणून घास जाईना.

कोट जांभळा होता, बाह्यांना आणि खांद्यांना सोनेरी झालर, पितळेची बटणं. आईनं एका दिवसात तो माझ्या मापाचा केला. मी तिच्यापुढं उभा आणि ती तोंडात सुई धरून घड्या घालत होती, आत, अजून आत. त्या घड्यांनी कोट इतका जड झाला की मला हात वर करताना खांदा दुखायचा. शाळा तिसरीत सुटली. गुरुजी एकदा घरी आले होते, काकानं त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, सराई संपली की पाठवतो. सराई संपली की दुसरी काहीतरी निघायची, जत्रा, मिरवणूक, निवडणूक.

आणि लोक बघायला यायचे बरं का. छोटा मास्तर म्हणून आमचं नाव झालं. नवऱ्यामुलाकडं कुणी बघायचं नाही, माझ्याकडं बघायचं. बाया माझ्या गालाला हात लावून बोटं मोडायच्या. मी पुढं काठी घेऊन चालायचो, ती वर गेली की बँड सुरू, आडवी झाली की बंद, असं सगळ्यांना वाटायचं. खरं तर शंकर पायानं ठेका द्यायचा आणि त्यावर सगळं चालायचं. मी मागून येणारा त्याच्या पायाचा ठेका ऐकून काठी हलवायचो. राज्य असं चालतं. ईशानला म्हटलं असतं तर त्याला कळलं नसतं, पण नाटकात त्याच्याही पाठीमागं शाळेतल्या बाई उभ्या राहून बोटानं खूण करतात.

आता आईचं सांगतो. घरी लोक सुपारी द्यायला यायचे. लग्नाची सुपारी. त्यांना ओसरीत विधवा बाई दिसून चालत नव्हतं. काकानं पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "वहिनी, गिऱ्हाईक आलं की आत राहायचं. आणि रडायचं तर अजिबात नाही. शुभाचा धंदा आहे. मास्तरच्या आईचा आवाज रस्त्यावर गेला तर कोण सुपारी देईल?" ती हो म्हणाली. आणि ती रडली नाही. गावातल्या बाया म्हणायच्या, दगड आहे ही, नवऱ्याला एक टिपूस गाळलं नाही.

एकदा तालीम चालू असताना मला तहान लागली. मी टोपी काढून आत गेलो. आई चुलीपुढं बसली होती, तवा रिकामा तापत होता, आणि तिचं तोंड उघडं होतं. पूर्ण उघडं, मान मागं टाकलेली, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. डोळ्यातनं धार. पण आवाज काहीच येत नव्हता, कारण बाहेर ढोल, ड्रम, झांजा, सगळं एकदम वाजत होतं. मी बघत उभा राहिलो. बाहेर गाणं संपलं. त्याच क्षणी तिचं तोंड मिटलं, पदरानं चेहरा पुसला, आणि ती मला म्हणाली, "काय रे, पाणी पाहिजे?" मला वाटलं धूर गेला असेल डोळ्यात. मुलाला असंच वाटतं. पण त्यानंतर मी तालमीला अजून एक गाणं वाजवा म्हणून हट्ट धरायचो, ते का, मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बापाची एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की होती. वरातीच्या वाटेवर दुखवट्याचं घर आलं की बँड थांबतो. वर्षाच्या आत ज्या घरात माणूस गेलंय, त्या घरासमोर वाजवत जायचं नाही. बाप लांबूनच घर ओळखायचा, काठी आडवी धरायचा, आणि एकदम सगळं बंद. मग नुसते पाय वाजायचे आणि गॅसबत्त्यांचा सूं सूं आवाज. ते घर मागं पडलं की पुन्हा काठी वर. तो मला म्हणायचा, "सुरू कुणीही करतं रे. थांबवायचं मास्तरनंच."

त्या सराईत एका मोठ्या कापड दुकानदाराच्या मुलाचं लग्न होतं. वरात दिवेलागणीला निघाली, मारुतीला जायची होती, आणि मारुतीचा रस्ता आमच्या आळीतनं. काका आधीच म्हणाला होता, "आळीतनं जाताना जोरात. मालक खूश झाला पाहिजे." आळीचं वळण आलं आणि मला आमचं दार दिसलं. आत दिवा नव्हता. दाराच्या फटीत आईचं लुगडं दिसलं. माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. हे दुखवट्याचं घर आहे, वर्ष व्हायचंय, आणि मी मास्तर आहे. मी काठी आडवी धरली.

आधी कुणी बघितलंच नाही. मग मी मागं वळलो, बँडकडं तोंड केलं आणि दोन्ही हातांनी काठी डोक्यावर आडवी धरली. शंकरनं ते बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, आणि क्लॅरोनेट तोंडातनं काढलं. त्याच्या मागं यशवंत. मग काकाचा ड्रम, मग ढोल. मी मास्तर झाल्यापासनं माझ्या काठीवर झालेली ती पहिली गोष्ट.

आणि त्या शांततेत आई ऐकू आली.

तिला वाटलं होतं, बँड दारावरून जाईल तेवढा वेळ आपला आहे. ती त्याचीच वाट बघत असणार, ढोल अगदी दारात येईपर्यंत दम धरून. तिनं तोंड उघडलं आणि मी बँड थांबवला. तो आवाज मी लिहू शकत नाही. बाई रडते तसा नव्हता. साठलेलं सगळं एकदम आलं आणि त्याला झाकायला काही नव्हतं. आख्खी वरात उभी राहिली. नवऱ्याच्या घोड्यानं कान टवकारले. कुठल्यातरी म्हातारीनं, "शुभ वेळेला हे काय गं बाई," म्हणून डोक्यावरनं पदर घेतला. दुकानदार तोंड लाल करून काकाकडं बघायला लागला. काका दातांखालनं म्हणाला, "वाजव! अरे वाजव!" पण मला काठी खाली करता येईना. हात वर गेले ते वरच राहिले. घड्यांनी जड झालेला कोट, खांदे भरून आलेले, आणि मी आपला तसाच.

मग आईला कळलं. तिचा आवाज मधेच तुटला, तालमीत गाणं संपलं की तुटायचा तसाच. आत काहीतरी भांडं पडलं. त्यानंतर काहीच नाही. काकानं माझ्या हातातनं काठी ओढली, वर केली, आणि सिनेमातलं एक नाचाचं गाणं सुरू झालं.

जेवताना माझ्याशी कुणी बोललं नाही. शंकर एकटा माझ्या शेजारी येऊन बसला. आजवर तो मला पोरा म्हणायचा. त्यानं आपल्या पानातली बुंदी उचलून माझ्या पानात ठेवली आणि म्हणाला, "खा मास्तर. तुम्ही बरोबर केलंत. रीत होती." मी खाल्ली. बरोबर केलं होतं मी, अजूनही म्हणतो. पण बरोबर केल्यानं माणूस उघडं पडतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळी आई माझ्या डोक्याला तेल लावत होती. तिचे डोळे सुजले होते. केस विंचरून झाले तेव्हा माझी हनुवटी धरून म्हणाली, "आपल्या दारासमोर पुन्हा थांबवायचं नाही हं. वाजू दे."

मग मी कधीच थांबवलं नाही. आमच्या दारावरून जाताना मी मागं वळून ढोलवाल्याला खूण करायचो, जोरात, अजून जोरात. लोकांना वाटायचं पोरगं ऐटबाज आहे. आईनं वर्षावर्षाला एकेक घडी उसवली, कोट माझ्या अंगाला नीट बसायला लागला, आणि तो नीट बसला त्या सराईला सुपाऱ्या कमी झाल्या. मोठा मास्तर बघायला कोण येतं? शंकर आणि यशवंत शेवटी वेगळे झालेच. मी वर्कशॉपात लागलो. तो रोमचा राजाही मोठा झाल्यावर कुणाला नको झाला, तरुणपणीच मेलेला सापडला म्हणे. नाटकात ते दाखवत नाहीत. मुलांची शाळा आहे.

हे सुमनला सांगायचं होतं. सांगायला वेळ किती लागला असता? पिठलं टाकायच्या आत झालं असतं.

तिला इथंच अग्नी दिला. इथलं सगळं स्वच्छ आणि हळू. पांढऱ्या हातमोज्यांची माणसं वाकून उभी राहतात, दार बंद होतं, धूर कुठं दिसत नाही. नंतर राख देत नाहीत, हाडं देतात, आणि ती दोघांनी मिळून लांब काड्यांनी उचलून भांड्यात ठेवायची असतात. मला काड्यांनी जेवता येत नाही म्हणून सुमन मला हसायची, ती शिकली होती. प्रशांत एका बाजूनं आणि मी एका बाजूनं. माझी काडी घसरायची. तो हळूच म्हणायचा, "बाबा, सावकाश." कुणी रडत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या मोरी-सान आल्या होत्या, त्याही नुसत्या वाकून उभ्या. अशा ठिकाणी मी एकट्यानं गळा काढायचा? मी गिळलं. घरी आलो तरी गिळलं. घराच्या भिंती पातळ, पलीकडं प्रशांत आणि मृणाल, ते आधीच माझ्याकडं काच तडकली असल्यासारखं बघायचे. सूनबाई चांगली आहे, पण ती माझ्या ताटात वाढतानाही दबकून वाढायची. मी रडलो असतो तर तिघंही धावत आले असते. मला ते नको होतं. मला नुसतं रडायचं होतं.

नाटक तेराव्यानंतर आलं. मृणाल म्हणाली, "बाबा, या वेळी ईशानला नको पाठवायला, काय म्हणता?" मी म्हणालो, "जाऊ दे. राजाच नसला तर ते सैन्य काय करणार?" झग्याची एक बाजू राहिली होती, सुई तशीच खोचलेली. मी ती काढू दिली नसती, पण पोराला टोचली असती. मृणालनं तिथं पिना लावल्या.

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही मागं बसलो. पुठ्ठ्याच्या ढाली होत्या आणि आवाजासाठी पोरांच्या हातात घरातली पातेल्यांची झाकणं आणि पळ्या. ईशानला फळीवर बसवून चार पोरांनी वर उचललं, बाई मागनं धरून होत्या. झगा एका बाजूला लोंबत होता. आणि सैन्यानं जो जयजयकार केला, ती झाकणं जी बडवली, देवा रे. माझे कान बधिर झाले. आणि मला कळायच्या आत माझं तोंड उघडलं होतं. मी हुंदका दिला, मोठा, आणि तो मला स्वतःला ऐकू आला नाही. शेजारी बसलेल्या प्रशांतलाही नाही. किती बरं वाटलं, काय सांगू. मग स्टेजच्या कडेनं बाईंनी हात वर केला आणि सगळी झाकणं एकदम थांबली. मी तोंड मिटलं. अर्धा आत राहिला. प्रशांत माझ्याकडं वळून म्हणाला, "बाबा, ठीक आहे ना?" मी म्हणालो, "छान केलं पोरानं."

वर फळीवर बसलेला ईशान गर्दीत मला शोधत होता. त्याला बोलायला काही नव्हतं. तो नुसता बसला होता, घाबरलेला, आणि चांगला बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी होती. प्रशांत कचरा वेगळा करून खाली टाकायला गेला होता. मी कपाटावरून ईशानची तोंडानं फुंकायची पेटी काढली. इथल्या बालवाडीत सगळ्या पोरांना घ्यायला लावतात, निळी, नळी लावून वाजवायची. या बिल्डिंगमध्ये सकाळी वाजवायला मनाई आहे म्हणून ती तेव्हापासून वरच पडून होती. त्याच्या हातात दिली.

"वाजव."

"आता? आजोबा, सकाळी दामे आहे. मोरी-सानना त्रास होतो."

"मोरी-सानकडं मी जाऊन हात जोडीन. तू वाजव. जोरात वाजव."

"कुठलं गाणं?"

"येईल ते."

मृणाल खोलीतून बाहेर आली, केस मोकळे, घाबरलेली. "बाबा, अहो शेजारी..." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि थांबली. मी म्हणालो, "वाजू दे गं." वळून तिनं बाल्कनीचं दार लावून घेतलं.

ईशाननं गाल फुगवले आणि सुरू केलं. बेसूर, पण दणदणीत. मी स्वयंपाकघरात गेलो, दार ओढून घेतलं. ओट्यावर पिठल्याची कढई पालथी होती, तिनंच धुऊन ठेवलेली, कुणी वापरली नव्हती. मी ओट्याला धरलं, मान मागं टाकली आणि तोंड उघडलं.

मधेच पेटी थांबली. दारापलीकडनं त्यानं विचारलं, "आजोबा, अजून?"

"अजून," मी म्हणालो.